"तुम्ही जाऊन या, मी बसते इथं" : आईबरोबर अलास्काच्या बोटीवर आठ दिवस

आईचं हे वाक्य आमच्या घरात पाठ आहे. वेरूळला कैलास लेण्याच्या दारात ती असंच म्हणाली होती. हंपीला म्हणाली, गणपतीपुळ्याला डोंगराच्या प्रदक्षिणेला निघालो तेव्हाही म्हणाली. वय ७८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं तिनं होऊ दिलेलं नाही. मग आम्ही भरभर बघून यायचो आणि ती कुठल्या तरी झाडाखाली पिशव्या सांभाळत बसलेली असायची. आल्यावर विचारायची, "कसं होतं?" आम्ही फोटो दाखवायचो.

म्हणून या वेळी ठरवलं, सहल अशी हवी की आईला मागे बसावं लागणार नाही. बोटीची सहल त्यातूनच सुचली. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघून अमेरिकेच्या अलास्का राज्यातली तीन बंदरं आणि ग्लेशियर बे ही हिमनद्यांची खाडी करून परत व्हँकुव्हर, अशा सात रात्री. ऑगस्टचा दुसरा आठवडा. आई, मी आणि आमचे हे.

निघण्याआधीची एक गोष्ट सांगते, कारण आमची सहल तिथंच मोडली असती. ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग झालं, समुद्रात कोण व्हिसा बघतो! हे साफ चुकीचं आहे. भारतीय पासपोर्टवर अलास्काच्या या सहलीला अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचे व्हिसा लागतात. व्हँकुव्हरहून निघालात तर लागतातच, पण अमेरिकेतल्या सिएटलहून निघालात तरी कॅनडाचा सुटत नाही. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं घेऊन, मधे परदेशी बंदर न करता, परत अमेरिकेतच उतरवता येत नाही. म्हणून सिएटलच्या बोटी वाटेत कॅनडाचं एखादं बंदर, बहुतेक वेळा व्हिक्टोरिया, घेतात. ज्यांच्याकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे त्यांना मात्र ते आणि पासपोर्ट दाखवून कॅनडात व्हिसाशिवाय जाता येतं. आम्हाला हे दोन महिने आधी कळलं. आईचा शिक्का मारलेला पासपोर्ट हातात आला तेव्हा विमानाला नऊ दिवस उरले होते.

पहिला दिवस, शनिवार : व्हँकुव्हर

दिल्लीहून थेट विमानानं आम्ही गुरुवारीच पोहोचलो होतो. बोट सुटायच्या दिवशी विमानानं येऊ नये. विमान चुकलं तर पुढचं मिळतं, बोट थांबत नाही.

कॅनडा प्लेस हे व्हँकुव्हरचं बोटींचं टर्मिनल, वर पांढऱ्या शिडांसारखं छप्पर. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ही इमारत. मोठ्या बॅगा दारातच घेतात आणि त्या थेट खोलीबाहेर येतात, पण कधी कधी संध्याकाळ होते. त्यामुळे औषधं, चष्मा, एक जोड कपडे आणि सगळे कागद खांद्यावरच्या पिशवीत हवेत. अमेरिकेचं इमिग्रेशन इथंच, कॅनडाच्या जमिनीवर होतं. बोटांचे ठसे, दोन प्रश्न, की पुढे. आईनं मेतकूट आणि गोडा मसाला नेला होता, बंद पाकिटात. तो विचारल्यावर सांगितला, त्यांनी बघितला आणि जाऊ दिला. लपवू नका, एवढंच.

व्हीलचेअरबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून इथंच लिहिते. चढताना आणि उतरताना बोटीची माणसं खुर्ची घेऊन येतात, पण ती तेवढ्यापुरती. आठ दिवस वापरायला स्वतःची न्यावी लागते, नाहीतर आधी सांगून भाड्यानं खोलीत मागवावी लागते. आम्ही घडीची हलकी खुर्ची पुण्याहूनच नेली. खोलीही वेगळी मागावी लागते. साध्या खोलीत न्हाणीघराला उंबरठा असतो आणि दार अरुंद असतं, खुर्ची आत शिरत नाही. बिनउंबरठ्याच्या रुंद दाराच्या खोल्या बोटीवर थोड्याच असतात, त्या वर्षभर आधी जातात. आम्हाला मिळाली त्यात दोनच पलंग होते, म्हणून ह्यांनी समोरची बिनखिडकीची एकट्याची खोली घेतली. एकट्या माणसाला बोटीवर जवळजवळ दोघांचं भाडं पडतं, हे हिशेबात धरा.

सुटण्याआधी सगळ्यांना आपापल्या जागी जाऊन जीवरक्षक जाकिटाची आणि भोंग्याची माहिती घ्यावी लागते. सात लहान भोंगे आणि एक लांब, म्हणजे धोक्याची सूचना. आईला जिन्यानं उतरवायची वेळ आली तर कोण येणार, हे मी तिथल्या माणसाला विचारलं. त्यानं खोलीचा नंबर लिहून घेतला आणि ज्यांना मदत लागते त्यांची यादी दाखवली, त्यात आईचं नाव आधीच होतं. माझा जीव तिथं शांत झाला.

साडेचारला बोट सुटली. लायन्स गेट पुलाखालून जाताना वाटतं की धुराडं आता लागणार. पूल पाण्यापासून ६१ मीटर उंच आहे, तरी डेकवरची सगळी माणसं माना वर करून श्वास रोखून उभी होती.

रात्री जेवणाच्या टेबलावर वेटर आला. सावळा, हसरा, तिशीतला. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला, इंडिया. आईचं माहेर मालवण. तिनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि विचारलं, "खंयचो रे तू?"

तो एक क्षण गप्पच राहिला. मग म्हणाला, "हांव म्हापश्याचो, आजी."

त्यानंतरचे सगळे दिवस आईला वरण-भात कमी पडला नाही. पण कोणाला गोवेकर वेटर मिळेल न मिळेल, म्हणून सांगते : शाकाहारी आहात हे बुकिंगच्या वेळी लिहून द्या, आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला भेटून उद्याचं जेवण आज सांगायची पद्धत पाडून घ्या. मोठ्या बोटींच्या स्वयंपाकघरात भारतीय आचारी बऱ्याचदा असतात. आदल्या दिवशी सांगितलं तर डाळ, भाजी, फुलका मिळतो. ऐन वेळी सांगितलं तर पास्ता.

दुसरा दिवस, रविवार : समुद्रावर

रात्री बोट सेमूर नॅरोज नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून गेली. इथं भरती-ओहोटीचा ओढा इतका असतो की पाणी १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरनं धावतं, म्हणून बोटी पाणी स्थिर होण्याची वेळ साधून जातात. मधे पाण्याखाली एक खडक होता, रिपल रॉक. त्यानं शंभरावर माणसं घेतली. शेवटी त्याच्या पोटात समुद्राच्या तळाखालून भुयार खणून सुमारे १,३०० टन स्फोटकं भरली आणि ५ एप्रिल १९५८ ला त्याचा माथा उडवला. आईला हे सांगितल्यावर तिनं मालवणच्या समुद्रातल्या खडकांची नावं घ्यायला सुरुवात केली. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या कुठून वळतात, कुठली वाट ओहोटीला बंद होते. हे सगळं तिच्याकडे आहे याची मला कल्पना नव्हती.

सकाळी बेटांचा आडोसा संपला आणि उघडा समुद्र लागला. बोट हलायला लागली. अलास्काच्या आतल्या मार्गावर बहुतेक वेळ पाणी तळ्यासारखं असतं, पण क्वीन शार्लट साउंडचा हा काही तासांचा पट्टा उघडा आहे. आईला काही झालं नाही. मला झालं. खोली खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध असेल तर हलणं सगळ्यात कमी जाणवतं. वरची, टोकाची खोली दिसायला छान, पण पोटाला त्रास. रिसेप्शनवर गोळ्या मिळाल्या, सोबत हिरवं सफरचंद खायला सांगितलं. गोळी उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, मी उशीर केला. ज्यांना रक्तदाबाची किंवा काचबिंदूची औषधं आहेत त्यांनी कुठली गोळी चालेल हे घरच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टरही असतात, पण तिथं भारतातला विमा दाखवून पैसे वाचत नाहीत. आधी आपण भरायचे, पावती घ्यायची, मग घरी येऊन मागायचे. विमा घेताना बोटीचा प्रवास त्यात धरलाय का, आणि हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर न्यायची वेळ आली तर तो खर्च मिळतो का, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

पैशाचंही एकदाच सांगून टाकते. बोटीवर रोख चालत नाही, खोलीची किल्ली हेच कार्ड. पहिल्या दिवशी आपलं क्रेडिट कार्ड जोडून घेतात. डेबिट कार्ड जोडू नका, ते आगाऊ रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. बक्षिसी रोज आपोआप बिलात चढते, आमच्यासारख्या मोठ्या बोटींवर माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. अगदी महागड्या लहान बोटींवर ती भाड्यातच असते. काही जण रिसेप्शनवर जाऊन ही रक्कम काढून टाकतात. मी हात जोडून सांगते, असं करू नका. आमची खोली आवरणारा मुलगा दिवसातून दोनदा यायचा, सात-आठ महिन्यांचा करार, त्यात सुट्टीचा वार नाही. त्याच्या पगाराचा मोठा भाग यातूनच येतो.

फोन बोट सुटताच विमानाच्या मोडवर टाका. नाहीतर तो बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल घरी येतं.

रात्री नटून जेवायला जायचं होतं. आईनं तिच्या लग्नातली हिरवी पैठणी नेसली, खुर्चीत बसूनच मी निऱ्या नीट केल्या. जेवणघरात शिरलो तर तीन टेबलांवरच्या बायका उठून काठ बघायला आल्या. झोपताना घड्याळं एक तास मागे.

तिसरा दिवस, सोमवार : जूनो

जूनो ही अलास्काची राजधानी, आणि तिथं बाहेरून एकही रस्ता येत नाही. मागे बर्फाचं पठार, पुढे समुद्र. यायचं तर बोटीनं किंवा विमानानं. वस्ती जेमतेम ३२ हजारांची. २०२४ पासून गावानं दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठ्या बोटी अशी मर्यादा घातली आहे. चार बोटी लागलेल्या असताना गावातल्या एका रस्त्यावरून चालून बघितलं तर हे का करावं लागलं ते लगेच समजतं. याच गावानं २००१ साली धक्क्याला लागलेल्या प्रवासी बोटीला किनाऱ्यावरची वीज जोडून दिली, म्हणजे उभी असताना तिनं इंजिनं चालवून धूर सोडू नये. जगात हे पहिल्यांदा इथं झालं.

आमचा बेत मेंडेनहॉल हिमनदीचा होता. बोटीवरूनच सहल घेतलेली, माहितीत 'चालणं कमी' असं लिहिलेलं, मी फोन करून व्हीलचेअरचं विचारलेलंही होतं. प्रत्यक्षात जी बस आली तिला तीन उंच पायऱ्या आणि खुर्ची वर घ्यायचा पाळणा नाही. ड्रायव्हर बिचारा ओशाळला, पण तो तरी काय करणार. आई लगेच म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथं."

मला तिथं रडू आलं. इतक्या लांब येऊन पुन्हा तेच वाक्य.

मी म्हटलं, नाही. ह्यांना बसनं पाठवलं आणि आम्ही दोघी धक्क्यावरच राहिलो. समोरच माउंट रॉबर्ट्सचा रोपवे होता. धक्क्यापासून सरळ १,८०० फूट वर. तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ट्लिंगिट लोकांच्या मालकीच्या संस्थेचा हा रोपवे. खुर्ची आत सरळ गेली. देवदारासारख्या झाडांचे शेंडे पायाखालून सरकत गेले, बोट खेळण्यातली झाली, आणि आई काचेला नाक लावून बसली. वर तासभर होतो. ढग आले, गेले. ह्यांनी संध्याकाळी हिमनदीजवळच्या नगेट धबधब्याचे फोटो दाखवले तेव्हा आईनं रोपवेवरचं तिनं काय काय बघितलं ते त्यांना सांगितलं. सहलीचे पैसे काउंटरवर तक्रार केल्यावर परत मिळाले. पण शिकले ते हे : "व्हीलचेअर चालते का" असं विचारू नये. "बसला पाळणा आहे का, किती पायऱ्या, खुर्चीत बसूनच आत जाता येतं का" असं विचारावं आणि उत्तर ई-मेलवर घ्यावं.

परत येताना आणखी एक गंमत झाली. जूनोचे धक्के तरंगते आहेत, बोटीबरोबर वर-खाली होतात, आणि तिथून किनाऱ्यापर्यंत जोडपूल आहे. आम्ही उतरलो तेव्हा भरती होती, पूल जवळजवळ सपाट. संध्याकाळी ओहोटीला तोच पूल घसरगुंडीसारखा उतरता. इथं भरती-ओहोटीत वीस-वीस फुटांचा फरक पडतो. बोटीचे दोघे खलाशी आले, त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि आईला पाठमोरी, एकेक पाऊल टाकत खाली आणलं. आई मात्र किनाऱ्याच्या खांबांकडे बोट दाखवत होती. ओल्या खुणेच्या वर कोरडं किती आणि खाली शेवाळ किती. "सकाळी एवढं पाणी होतं," ती म्हणाली. "मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

चौथा दिवस, मंगळवार : स्कॅग्वे

बाराशे वस्तीचं गाव, आणि त्यात आमच्या बोटीचे दोन हजार उतरले. १८९६ साली कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं या गावातून डोंगर चढून गेली. कॅनडाच्या पोलिसांनी सीमेवर अट घातली होती की माणशी वर्षभराचा शिधा-सामान, म्हणजे सुमारे एक टन, घेऊन या, नाहीतर परत जा. व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास घोडी मेली. त्या वाटेला अजूनही मेलेल्या घोड्यांची वाट म्हणतात. मग १८९८ ते १९०० या काळात इथं रेल्वे बांधली. तीन फूट रुंदीची, ३२ किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून २,८६५ फूट चढणारी. आपली माथेरानची गाडी दोन फुटांची, त्यामुळे ही बघून परकं काही वाटलं नाही.

इथं सगळं नीट झालं. काही डब्यांना खुर्ची वर घेणारा पाळणा आहे, तो आधी सांगून ठेवावा लागतो. चढताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. एका जागी जुन्या वाटेची पायवाट गाडीच्या खाली अगदी स्पष्ट दिसते. हातभर रुंद, खडकावर घासून गुळगुळीत झालेली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुक्या जनावरांना काय सोनं!"

पाचवा दिवस, बुधवार : ग्लेशियर बे

सकाळी सहाला उठलो. खिडकीतून बघते तर एक छोटी बोट आमच्या बोटीला चिकटून धावतेय आणि हिरव्या पोशाखातली माणसं दोरीच्या शिडीनं वर चढतायत. हे राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर. दिवसभर बोटीवर राहतात, भोंग्यावरून माहिती सांगतात, संध्याकाळी तसेच उतरतात. या खाडीत दिवसाला फक्त दोन मोठ्या बोटी सोडतात. सगळ्या अलास्का बोटी इथं जात नाहीत, काही दुसऱ्या हिमनद्यांकडे जातात. बुकिंग करताना कार्यक्रमात 'ग्लेशियर बे' हे नाव आहे का ते बघाच. मला विचाराल तर बोटीतल्या सोयींपेक्षा हे एक नाव महत्त्वाचं.

१७९४ साली इंग्रजांचं सर्वेक्षण पथक इथून गेलं तेव्हा ही खाडीच नव्हती. तोंडाशी बर्फाची भिंत होती. १९१६ पर्यंत तो बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे गेला होता. म्हणजे आम्ही सकाळभर ज्या पाण्यावरून जात होतो ती सगळी जागा सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होती. आणि त्याच्याही आधी इथं गावं होती. हूना ट्लिंगिट लोक इथं राहायचे, अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकत आली आणि त्यांना घरं सोडून जावं लागलं. २०१६ साली खाडीच्या तोंडाशी त्यांचं कुलगृह पुन्हा उभं राहिलं. रेंजरबाई हे सांगत होत्या तेव्हा आई लक्ष देऊन ऐकत होती, मी तिला मराठीत सांगत होते. "म्हणजे अडीचशे वर्षांनी माहेरी आले," ती म्हणाली.

दहाच्या सुमाराला मार्जरी हिमनदी समोर आली. पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच, जवळपास दीड किलोमीटर रुंद. बाजूची ग्रँड पॅसिफिक हिमनदी दगडमातीनं काळी झालेली, पण ही निळी. निळी म्हणजे रिन साबणाच्या पाण्यासारखी नव्हे, निळीच्या पुडीसारखी, भेगांच्या आत तर जांभळ्याकडे जाणारी. वर्षानुवर्षांच्या वजनानं बर्फातली हवा निघून गेलेली असते, तो इतका घट्ट होतो की उजेडातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा बाहेर टाकतो. बोट जागच्या जागी सावकाश फिरते, त्यामुळे खोली डाव्या बाजूला घ्यावी की उजव्या, या प्रश्नाला इथं काही अर्थ नाही, दोन्हींकडून दिसतं.

पुढचा डेक उघडला होता. आईला कठड्याशी नेऊन खुर्चीला ब्रेक लावला. कानटोपी, त्यावर शाल, शालीवर बोटीचं घोंगडं. ऑगस्टमध्येसुद्धा तिथं हाडं गारठतात, हातमोजे विसरू नका. सगळे गप्प होते. दोन हजार माणसं आणि कुजबुजसुद्धा नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाचे तुकडे फुटताना तडतड आवाज येत होता, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा.

मग भिंतीच्या उजव्या बाजूनं थोडी पूड गळाली. पिठी गळावी तशी. पाठोपाठ घराएवढा एक कडा पुढे झुकला आणि आवाज न करता पाण्यात गेला. पाणी वर उसळलं, आणि तेव्हा आवाज आला. उशिरा, पोटात घुमणारा. ट्लिंगिट लोक त्याला पांढरी मेघगर्जना म्हणतात, असं रेंजरबाईंनी सांगितलं. लाट आमच्यापर्यंत आली तेव्हा बोट किंचितशी डुलली. आईनं माझं मनगट पकडलं होतं. तिच्या बोटांचे ठसे उठले होते.

तासाभरानं आम्ही दोघं गारठलो. ह्यांनी म्हटलं, आत जाऊन चहा घेऊ, मग परत येऊ. आईनं मान न वळवता सांगितलं, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथं."

सहावा दिवस, गुरुवार : केचिकन

पाऊस. इथं वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो. महाबळेश्वर-आंबोलीपुढे तो काही नाही, पण इथं तो चार महिन्यांत न आटोपता वर्षभर पुरवून पुरवून पडतो. "हो आमचो आषाढच," असं म्हणून आईनं चेहरा वर केला. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, वारा छत्री उलटवतो.

क्रीक स्ट्रीट म्हणजे ओढ्यावर खांबांवर उभ्या लाकडी घरांची रांग. फळ्यांचा रस्ता ओला होता, तरी खुर्ची व्यवस्थित चालली. पुलाच्या कठड्यावरून खाली बघितलं तर ओढा काळा दिसत होता. नीट बघितल्यावर तो काळेपणा हलायला लागला. सामन मासे, एकाला एक खेटून, प्रवाहाकडे तोंड करून उभे. समुद्रात वाढून जन्मल्या ओढ्यात अंडी घालायला परत येतात आणि तिथंच मरतात. एक मासा धबधब्यावर उडी मारत होता. पडत होता, पाच-सात मिनिटं खाली दम खात होता, पुन्हा मारत होता. त्याच्या पाठीवरचे खवले घासून गेले होते, शेपटीची कड पांढरी पडली होती. आईनं मोजलं. नवव्या उडीला तो वर गेला. पावसात भिजत पाऊण तास आम्ही तेवढंच बघितलं, आणि टोटेम खांब बघायचे राहिले. मला त्याची खंत नाही.

सातवा दिवस, शुक्रवार : परत समुद्रावर

आवराआवर. बॅगांना चिठ्ठ्या लावून रात्री खोलीबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला आणि औषधं बाजूला काढून मगच ठेवा. आमच्या शेजारचे आजोबा दातांची डबी बॅगेत घालून बसले आणि मग रात्री धावपळ झाली.

रात्री आईनं उरलेल्या मेतकुटाचं पाकीट म्हापश्याच्या त्या मुलाला दिलं. त्याची मुलगी नऊ महिन्यांची झाली होती, तो निघाला तेव्हा ती एक महिन्याची. फोनमध्ये तिचा बसायला शिकल्याचा व्हिडिओ होता, त्यानं तो आईला दोनदा दाखवला. आईनं त्याला विचारलं, "जेवलंस काय?" तो म्हणाला, वाढून झाल्यावर जेवतो आजी. रात्री साडेदहा वाजले होते तेव्हा.

आठवा दिवस, शनिवार : व्हँकुव्हर

सातला बोट लागली, साडेनऊला आम्ही बाहेर. व्हीलचेअरवाल्यांना आधी सोडतात. त्याच दुपारी ती बोट पुन्हा निघणार होती, आणि दारापाशी नव्या माणसांच्या बॅगा यायला सुरुवातही झाली होती.

टॅक्सीची वाट बघत उभे होतो. आमचं बोलणं ऐकून एक कुटुंब थांबलं, ठाण्याचं. त्यांच्या बरोबर एक आजी होत्या, हातात काठी, मुलाच्या दंडाला धरून. मुलगा मला विचारायला लागला, खोलीत वायफाय चालतं का, कपडे धुवायची सोय कशी आहे. तेवढ्यात आईनं आपली खुर्ची त्या आजींकडे वळवून घेतली होती.

"कानटोपी आणलीय ना?" ती विचारत होती. "आणि जूनोला जोडपूल आहे बघा, लांबलचक. ओहोटीला फार उतरतो. आधी भरती कधी आहे ते विचारून घ्या, मगच खाली उतरा."

आजींनी मुलाला हाक मारली आणि ते लिहून घ्यायला सांगितलं.